मागची डावी बाजू

शनिवार, १० फेब्रुवारी. काम: गाडीचे मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलणे. अंदाजे वेळ: दोन तास.

व्हिडिओतल्या माणसाला चाळीस मिनिटं लागली होती. पण त्याच्या मदतीला कोणी नव्हतं. माझ्या मदतीला नवरा होता, म्हणून मी वेळ वाढवून धरला.

गाडी माझी. चौदा वर्षांची, हायब्रिड, म्हणजे थोडी पेट्रोलवर आणि थोडी बॅटरीवर चालणारी, आणि हल्ली बरीचशी माझ्या हट्टावर चालणारी. मागचे शॉक पार गेले होते. खड्ड्यात ती एकदा जायची आणि चार वेळा बाहेर यायची. परळच्या दोन गॅरेजवाल्यांनी हायब्रिड म्हटल्याबरोबर हात मागे घेतले. "करंटची गाडी आहे मॅडम," एक जण म्हणाला आणि बॉनेटवर ठेवलेला आपला चहाचा ग्लासही उचलून घेऊन गेला.

श्रीकांतचं म्हणणं, गाडी काढून टाकू. त्याच्या ऑफिसातला एक जण सोमवारी न्यायला तयारच होता. माझं म्हणणं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. असा पेच पडला की आमच्या घरी निकाल आई देतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ब्याऐंशी, म्युनिसिपालिटीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. घरून निवृत्त झालेल्या नाहीत.

"मागच्या खेपेला परळ ते माटुंगा मी सतरा वेळा 'आई गं' म्हटलं," त्या म्हणाल्या. (त्यांनी मोजलं होतं. मोजणारच.) "रविवारी सुमनच्या ऐंशीव्या वाढदिवसाला गिरगावात जायचंय. तुझ्या गाडीने जाऊ. माझ्या तोंडून एकदा जरी 'आई गं' आलं, तरी गाडी सोमवारी जाईल. नाही आलं, तर श्रीकांतने पुन्हा विषय काढायचा नाही."

"मान्य," मी म्हटलं.

"मान्य," श्रीकांतही म्हणाला. जरा फारच आनंदाने.

म्हणून मी दोन नवे शॉक मागवले, जॅकखाली ठेवायचे लोखंडी स्टँड एका ओळखीच्या माणसाकडून आणले आणि शनिवारी सकाळी दहाला बिल्डिंगच्या मागच्या अंगणात गाडी उचलली. चाक काढलं. व्हिडिओत 'सुरक्षितता आधी' असं दोनदा सांगितलं होतं, म्हणून डिकीतल्या छोट्या बॅटरीची काळी वायर सोडवली. जुन्या शॉकचे नट गंजलेले होते. त्यांच्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारला. डब्यावर लिहिलं होतं: अर्धा तास थांबा.

आता, थांबणं हा प्रकार मला जमत नाही. माझ्या आईने मला एकच शिस्त लावली: गॅस पेटवायच्या आधी सगळी तयारी करून ठेवायची. कांदा चिरलेला, नारळ खवलेला, पिशव्यांची तोंडं कापलेली. फोडणी जळायला लागल्यावर कात्री शोधणारी बाई मी नव्हे. तेव्हा अर्धा तास हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा मी दोन्ही खोके उघडले. नवे शॉक दाबून आखूड केलेले होते आणि प्रत्येकाला प्लास्टिकची एक घट्ट पट्टी बांधलेली होती. वेष्टनच ते. मी कात्री घेतली आणि दोन्ही पट्ट्या कापून टाकल्या.

दोन्ही शॉक हळूहळू उठले. सभेत कोणी मोठा माणूस आला की खुर्चीतून उठतात तसे. घाई नाही, गडबड नाही, पण पूर्ण ताठ उभे राहीपर्यंत थांबले नाहीत.

श्रीकांतने व्हिडिओ पुढे सरकवला. "तो म्हणतोय, पट्टी अगदी शेवटी कापा. आधी कापली तर शॉक गाडीत मावत नाही."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू आधी कापलीस म्हणून."

तेवढ्यात तळमजल्यावरचे परबकाका लुंगी सावरत आले. पोस्टातून निवृत्त झालेले. यंत्रातलं त्यांना माझ्याइतकंच कळतं, पण वजन त्यांचं दुप्पट आहे. "काय गो वैशाली, ह्या काय काढलंस?"

मी सांगितलं. त्यांनी लांब झालेला शॉक उचलून बघितला, हलवून बघितला, कानाला लावूनही बघितला. "ह्येका दाबूक होयो," ते म्हणाले.

"ते मलाही कळलंय काका. कसा दाबायचा?"

"चकलीचो सोऱ्यो कसो दाबतंस?"

चोपन्न वर्षांच्या माझ्या आयुष्यात मोटारीबद्दल मिळालेला हा सर्वांत स्पष्ट सल्ला. शॉक जमिनीवर उभा धरला, वर पाट ठेवला आणि परबकाका पाटावर छाती टेकून ओणवे झाले. शॉक खाली जायला लागला. मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊन तयार होते. पहिल्यांदा काका शिंकले आणि शॉकने त्यांना परत उभं केलं. दुसऱ्यांदा जमलं. दोरीने आवळून मी निरगाठ मारली.

"एक झालो," काका घाम पुसत म्हणाले. "दुसऱ्याक माका जेवल्यावर बोलव."

शॉकचं वरचं टोक डिकीच्या आतून आवळावं लागतं आणि खालचं गाडीखालून. दोन्हीकडे एकाच वेळी माणूस पाहिजे. मी खाली आडवी झाले. श्रीकांत अंगाने किडकिडीत, म्हणून त्याला डिकीत घातलं. कोपऱ्यात मान आणि पोटाशी गुडघे असा तो आत बसला. मोबाईल मी माझ्याकडे घेतला, व्हिडिओ बघायला. किल्ली त्याच्या खिशात होती, ते त्या वेळी महत्त्वाचं वाटलं नाही.

वरचा नट लागला. मी दोरी कापली, खालचा बोल्ट भोकात सरकवला, पान्याने आवळत आणला. शेवटचे दोन आटे राहिले होते. इतक्यात वरून आवाज आला. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत आई खुर्ची टाकून बसल्या होत्या. दहा वाजल्यापासून.

"परब, अहो, श्रीकांतच्या डोक्यावर ऊन येतंय. ते झाकण जरा खाली घ्या."

मुख्याध्यापिकेचा शब्द. काकांनी डिकीचं झाकण जरा खाली घेतलं. झाकण स्वतःच्या वजनाने उरलेलं खाली गेलं. खट्ट.

मी गाडीखालून बाहेर आले. काका झाकणाकडे बघत होते. झाकण आमच्याकडे बघत होतं.

"उघडा ना," मी म्हटलं.

"उघडणा नाय गो."

उघडणार कसं? डिकीचं कुलूप विजेवर चालतं आणि वीज देणारी छोटी बॅटरी मी स्वतः सोडवली होती. कुलपाला किल्लीचं भोक आहे, पण किल्ली श्रीकांतच्या खिशात. मागची सीट पाडून आत हात घालावा, तर सीटमागे हायब्रिडची मोठी बॅटरी भिंतीसारखी उभी. शिवाय गाडी तीन चाकांवर आणि एका उसन्या स्टँडवर, तेव्हा हिसका मारायची सोय नाही.

"वैशाली," आतून आवाज आला. "इथे अंधार आहे."

"घाबरू नकोस. छोटी बॅटरी तुझ्या शेजारीच आहे. काळी वायर शोध आणि तिचं टोक बॅटरीच्या मोकळ्या खुंटीवर बसव."

"मी हात लावणार नाही. मी विमा कंपनीत क्लेम्स बघतो. माणसं कशी जातात ते मला माहितीय."

"ही छोटी आहे, हिने काही होत नाही. मोठीला हात लावू नकोस."

"म्हणजे मोठी पण आत आहे?"

हे सांगायला नको होतं. परबकाकांनी झाकणावर हलकेच टकटक केलं. "श्रीकांत, पाणी होया काय?"

"कुठून देणार काका?"

"ता पण खरांच."

"वायर डाव्या हाताला आहे," मी म्हटलं.

"डावा कुठला? मी उलटा बसलोय."

गॅलरीतून आई म्हणाल्या, "श्रीकांत, ज्या हाताने जेवतोस तो उजवा. दुसरा डावा. आणि तोंड बंद ठेवून काम कर."

आईच्या धाकाने जे होतं ते बॅटरीच्या भीतीने अडत नाही. आत खुडबुड झाली. कुठेतरी डोकं आपटलं. मग एकदम गाडीचे सगळे दिवे लुकलुकले आणि अलार्म बोंबलायला लागला. चौदा वर्षांत त्या गाडीचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. चार मजल्यांच्या सगळ्या खिडक्यांत माणसं आली. मी कुलपाचं बटण दाबलं, झाकण उघडलं, आणि सगळ्या बिल्डिंगच्या देखत माझा नवरा डिकीतून बाहेर आला. अंगात बनियन, हातात पाना, केसांना काळं ग्रीस. अलार्म बंद करायला त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

मी खालचे राहिलेले दोन आटे आवळले, चाक लावलं आणि म्हटलं, "चल, आता उजवी बाजू."

"मी पुन्हा डिकीत जाणार नाही."

"दहा मिनिटांचं काम आहे."

"तू जा. मी खालून आवळतो."

मी डिकीत जाऊन बघितलं. अर्धी गेले. इथे जास्त लिहीत नाही. परबकाकांना विचारावं, तर ते जेवून झोपले होते. संध्याकाळी सहापर्यंत मी अंगणात येरझारा घातल्या, तीनदा पाना उचलला, तीनदा ठेवला. गाडीला एक शॉक नवा आणि एक जुना, आणि सकाळी दहाला निघायचं.

रविवारी सकाळी मी आईंना मागच्या सीटवर डावीकडे बसवलं. श्रीकांत पुढचं दार उघडायला लागला.

"तू मागे बस. आईंच्या शेजारी. मोजायला साक्षीदार नको?"

तो उजवीकडे बसला.

मी इतकी विचारपूर्वक गाडी कधी चालवली नाही. जो खड्डा टाळता येईल तो टाळला. जो टाळता येणार नाही, तो उजव्या चाकाखाली घेतला. करी रोडपर्यंत श्रीकांतने दात आवळून धरले होते. लालबागच्या पुढे रस्त्यात पेवर ब्लॉक उखडलेले होते. डावं चाक सुळकन गेलं. उजवं गेलं, आलं, पुन्हा गेलं, आणि श्रीकांतचं डोकं छताला लागलं.

"आई गं!"

"काय रे?" आई म्हणाल्या.

"हे धरायचं!" श्रीकांत डोकं चोळत म्हणाला. "झालं एकदा. गाडी गेली."

"माझ्या तोंडून यायला हवं होतं," आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "ठरलं तसंच होईल. शाळेतही शेजारच्याच्या चुका मी दुसऱ्याच्या पेपरात धरल्या नाहीत."

गिरगावात पोचेपर्यंत त्याचे अकरा झाले. आईंचा एकही नाही. सुमनमावशींच्या दारात त्याने खाली उतरून हात जोडले आणि गाडीचा विषय कायमचा मिटला. तो पुढे गेला. आई माझ्या दंडाला धरून सावकाश उतरल्या.

"एकच बसलाय ना?"

"हो."

"गॅलरीत होते मी. संध्याकाळी परत जाताना मी उजवीकडे बसणार आहे."

मी त्यांना आत सोडलं, मावशींच्या पाया पडले, पेढा तोंडात टाकला आणि तशीच पैठणीत गाडी घेऊन बाहेर पडले. दुसरा नवा शॉक डिकीतच होता. दोन गल्ल्या सोडून एक गॅरेज रविवारीही उघडं होतं. मिस्त्री म्हातारे होते, हायब्रिडला घाबरले नाहीत. ("शॉकला कसला आलाय करंट?") उरलेल्या शॉकच्या कामाला लागायच्या आधी ते डावी बाजू बघायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हे कोणी बसवलं?"

"परळला एक मिस्त्री आहे."

"वरचं रबर उलटं घातलंय. वॉशर एक कमी आहे. नट आवळलाय मात्र असा, की हत्तीने आवळावा. पुन्हा जाऊ नका त्याच्याकडे."

"नाही जाणार."

"कामाची माहिती आहे त्याला थोडीफार," ते पाना शोधत म्हणाले, "पण माणूस फार उतावळा दिसतो."

"हो," मी म्हटलं. "त्याच्या सासूचंही हेच म्हणणं आहे."