हसला की विलास पडायचा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतेय, पण नीट जमेल का ठाऊक नाही — तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं, हे मलाच अजून उमगत नाही.

विलास माझा धाकटा भाऊ. दिंडोरीला आमची द्राक्षबाग. भर दुपारी छाटणी करता करता तो वेलीखाली झोपून जायचा, कात्री हातात तशीच. आणि हसला की पडायचा. खरंच — मोठ्याने हसू आलं की मान लटकायची, गुडघे वाकायचे, शुद्ध मात्र असायची. मी त्याला मुद्दाम हसवायचे. गंमत वाटायची. भीती का नाही वाटली?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन नाशिक रोडला आले होते, दिवस गेले होते. विलासला स्थळ आलं. मुलगी त्याच्या मनात भरली होती. तिचे मामा आमच्याच कॉलनीतले, रीतीप्रमाणे चौकशीला माझ्याकडे आले. कोणाच्या तरी हळदीत विलास हसता हसता कोसळला होता, ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

"पितो का? की काही आजार आहे? जे असेल ते सांगा, ताई."

सासूबाई आत चहा टाकत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

आजार म्हटलं तर तो कोणाच्या रक्तातला? माझ्याही. मग माझ्या पोटातल्या बाळाकडे सासरचे लोक कसे बघतील? दारू काय, लग्न झालं की सुटते, असं सगळेच म्हणतात. मी तेव्हा हा विचार केला — की नंतर रचला? सांगता येत नाही.

"घेतो कधीमधी," मी म्हणाले.

विलासने थेंबही घेतलेला नव्हता. एवढं मात्र मला पक्कं माहीत होतं.

स्थळ मोडलं. गावभर बोभाटा झाला. वडिलांनी ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. पुढे त्याला कोणी मुलगी दिली नाही.

दहा-बारा वर्षांनी नाशिकच्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी उलगडा केला. मेंदूत खोलवर थोड्याशा पेशी असतात, जाग टिकवून धरणाऱ्या. उंदरात असतात, कुत्र्यात असतात, आपल्यात असतात. विलासच्या त्या मरून गेल्या होत्या. म्हणून झोप वेळीअवेळी घुसायची, आणि झोपेत अंग सैल पडतं तसं त्याचं हसताना पडायचं. घराण्यात हे सहसा उतरत नाही, असंही ते म्हणाले. ते ऐकून मला आधी हायसं वाटलं. त्याची लाज वाटते.

विलास खुशीत माझ्याकडे आला. "ताई, डॉक्टरच बोलले, हे दारूचं नाय. पण त्या मामाला कोन बोललं असंल गं?"

"लोक काय, काहीही बोलतात."

"तुला तरी माहीत व्हतं ना, मी पीत नाय ते," म्हणत तो हसला, आणि त्याची मान माझ्या खांद्यावर पडली. मी त्याला धरून उभी राहिले. तो शुद्धीत होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. मी नुसती त्याच्या पाठीवर थोपटत राहिले.