पहिल्यापासून अकराव्यापर्यंत

थळच्या बाजारातून बंदराकडे उतरताना डाव्या हाताला उझैरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेली काच बदलायला गेलात तर अर्ध्या तासाचं काम. पण तेवढा वेळ तुमचा मोबाईल त्याच्या ताब्यात असतो, म्हणजे तुम्ही पळून जाऊ शकत नाही, आणि उझैरला तेवढंच हवं असतं. बारीक स्क्रू काढता काढता तो सहज विचारतो, "रॅप ऐकता का?" नाही म्हणालात तर तो खूश होतो, कारण पाटी कोरी आहे. हो म्हणालात तर काळजीत पडतो. आधीचं चुकीचं ऐकलेलं पुसून काढण्याचं काम वाढलं.

उझैरच्या मते गाडी, सोन्याची साखळी आणि 'मी कोण आहे हे तुला माहीत नाही' या तीन विषयांवर जे जे रॅप झालंय ते सगळं समुद्रात सोडायला हरकत नाही. माशांनाही ते आवडणार नाही, पण त्यांना तक्रार करता येत नाही. त्याला हवा असतो तो असा माणूस, जो देवाशी बोलतो, आणि तेही तालात. तो देव कुठलाही चालतो. कोर्लईच्या एका ख्रिस्ती पोरानं रविवारच्या प्रार्थनेवर सहा गाण्यांचा अल्बम केला होता, अर्धा मराठीत आणि अर्धा त्यांच्या गावच्या जुन्या बोलीत. उझैरला त्यातला अर्धा भाग कळत नाही. त्या अर्ध्याविषयी तो जास्त बोलतो. पनवेलच्या दोन भावांनी खंडोबाच्या जागरणावर केलेला अल्बम त्याला पाठ आहे. त्यातलं तिसरं गाणं आठव्याच्या जागी असायला हवं होतं, असं त्याचं मत आहे आणि ते त्यानं त्या भावांना लिहून कळवलंही आहे. उत्तर आलेलं नाही.

दुसरी अट अशी, की अल्बम फारसा कुणी ऐकलेला नसावा. "हजार लोकांनी ऐकलं की संपलं," तो म्हणतो. "मग लोक त्याच्यावर नाचायला लागतात."

त्याची बायको सिदरा हिशेबाला पक्की आहे. ती एकदा म्हणाली, "म्हणजे कुणी ऐकलं नाही की तुम्ही रडता, कोणी ऐकत नाही म्हणून. आणि ऐकलं की रडणार, सगळे ऐकतात म्हणून. मग हसायचं कधी?"

"मधल्या काळात," उझैर म्हणाला.

शेजारच्या किराणा दुकानातले हमदुल्लाचाचा या प्रकरणाकडे लांबून बघतात. अजान सुरू झाली की उझैर स्पीकर बंद करतो, त्यामुळे त्यांना बोलायला जागा नाही. तरी एकदा त्यांनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "हा पोरगा अल्लाचं नाव घेतोय की भांडतोय?"

"चाचा, दोन्ही."

चाचा म्हणाले, "आमच्या वेळी एका वेळी एकच करायचे."

या सगळ्यांत उझैरच्या लेखी सर्वांत वर असलेला अल्बम म्हणजे माणगावच्या रेहानचा 'फजरची एसटी'. अकरा गाणी. पहाटेची नमाज पढून पहिली एसटी पकडून कामाला जाणाऱ्या माणसाचा एक दिवस, एवढीच गोष्ट. हा रेहान माणगावात झेरॉक्सच्या दुकानात काम करतो आणि त्याच दुकानात, शटर अर्धं ओढून, त्यानं हा अल्बम केला. दोन गाण्यांत मागे मशीनचा आवाज येतो. उझैरच्या मते तो मुद्दाम ठेवलाय. रेहानच्या मते मशीन बंद करायला मालकाची परवानगी नव्हती.

अल्बम निघून दीड वर्ष झालं तेव्हा तो एकशे त्रेचाळीस वेळा ऐकला गेला होता. त्यातल्या शंभरेक वेळा एकट्या उझैरनं ऐकला होता. जुलैमध्ये त्यानं रेहानला फोन करून दुसऱ्या अल्बमचं काय झालं म्हणून विचारलं. रेहान म्हणाला, "भाई, ऑक्टोबरात मामूकडे कतारला जातोय, गोडाऊनवर. माईक विकायला काढलाय."

"आणि दुसरा अल्बम?"

"तू सोडून एक माणूस दाखव, ज्यानं पहिल्यापासून अकराव्यापर्यंत ऐकलाय. मध्ये न उठता, मध्ये न बदलता. दाखवलास तर माईक विकत नाही, कतारला घेऊन जातो. तिथे करतो दुसरा."

मागणी एका माणसाची होती. थळची वस्ती काही हजार. उझैरला वाटलं, हे तर झालंच.

पण पुढच्या पंधरा दिवसांत त्याला कळलं, की जमिनीवरचा माणूस अकरा गाणी ओळीनं ऐकू शकत नाही. काच बदलायला आलेला कमलेश तिसऱ्या गाण्याला म्हणाला, "जरा पुढं ढकल ना, नाचायचं कुठनं चालू होतं?" सिदरा पाचव्यापर्यंत आली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात गुंतली. त्याची आई गुलबानू पहिल्या गाण्याला कौतुकानं झोपली. दोष अल्बमचा नाही, लोकांच्या मोकळ्या हातांचा आहे, या निष्कर्षावर उझैर आला. हात मोकळा असला की माणूस पुढचं गाणं लावतो.

ज्यांचे हात मोकळे नसतात अशी माणसं त्याच्या ओळखीची होती. थळच्या बोटींचे पेनड्राइव्ह उझैरच भरून देतो. थोडं आत गेलं की मोबाईलची रेंज जाते आणि चार-पाच दिवस खलाशांना करमणुकीला तो पेनड्राइव्हच असतो. प्लेयर कॅबिनमध्ये आणि माणसं बाहेर जाळ्यावर, कोपरापर्यंत खवल्यांनी भरलेली. त्या हातांनी बटण कोण दाबणार? जगात यापेक्षा चांगला श्रोता नाही, असं उझैरनं सिदराला सांगितलं. सिदरा म्हणाली, "बिचारे आधीच एवढे कष्ट करतात."

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा झाली, बोटी निघायला लागल्या. भिकू नाखवा थळचा जुना बोटवाला. साठी ओलांडली तरी स्वतः बोटीवर जातो. त्याचा पेनड्राइव्ह आला तेव्हा उझैरनं तो आधी सगळा पुसला. अल्बम मध्ये कुठे तुटायला नको, म्हणून पहिल्यांदा अकरा गाणी ओळीनं भरली, मग नेहमीची कोळीगीतं, मग एकवीरा आईची गाणी. इथे त्याची चूक झाली. बोटीवरचा तो स्वस्तातला प्लेयर गाणी ज्या क्रमानं भरली त्याच क्रमानं वाजवतो. आजवर उझैर सवयीनं एकवीरा आईचं गाणं पहिलं भरायचा, कारण बोट किनारा सोडते तेव्हा पहिला आवाज आईचा लागतो. ही गोष्ट थळात कुणी कुणाला सांगत नाही. ती सगळ्यांना माहीत असते, उझैरलाही होती. त्या दिवशी तो अल्बमच्या क्रमाचा विचार करत होता, बोटीच्या क्रमाचा राहून गेला.

भिकूनं नारळ फोडला, प्लेयर चालू केला आणि सुकाणूला लागला. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी, सगळे आपापल्या कामात. आईच्या गाण्याऐवजी माणगावची एसटी सुटली. खडक मागे पडून कॅबिनमध्ये यायला भिकूला चार गाणी लागली. मग त्यानं प्लेयर बंद केला आणि मोबाईलवर आईचं गाणं लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी जाळं पाण्याखाली कशात तरी अडकलं आणि मधोमध फाटलं. बोट पाचऐवजी तीन दिवसांत परत आली, बर्फ जास्त आणि मासे कमी घेऊन.

संध्याकाळी भिकू दुकानात आला. पेनड्राइव्ह त्यानं कागदात गुंडाळून आणला होता, विंचू आणावा तसा.

"ह्यो घे तुजा. आणि काय रं, आईचं गानं कुठं गेलं?"

उझैरच्या लक्षात एका क्षणात सगळं आलं. "मागं गेलं, नाखवा. माझ्या हातून मागं गेलं."

"तुमच्या देवाचं नाव लागलं त्याला माजं काय म्हननं न्हाय. दुसरं लाव, धावं लाव. पर पयलं आईचं लागतं. कशाचा नंबर कुठं हाय ते नको का बगाया?"

हे वाक्य उझैरनं आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. पनवेलच्या भावांना तर लेखी. तो मान खाली घालून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. नंबर चुकला की सगळंच चुकतं." आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "किती वाजली?"

"काय किती वाजली?"

"गाणी."

"चार."

"सलग?"

भिकूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हमदुल्लाचाचांनी शेजारून हाक मारली, "उझैर, तोंड बंद ठेव."

दोन दिवसांत बंदरावर सगळ्यांना कळलं. दीड वर्षात ज्या अल्बमचं नाव कुणी घेतलं नव्हतं, ते आता जेट्टीवरचा प्रत्येक खलाशी घेत होता. दोन बोटवाले पेनड्राइव्ह घेऊन आले आणि म्हणाले, "ती फजरवाली एसटी ह्याच्यात न्हाय ना?" सिदरानं विचारलं, "हे प्रसिद्ध होणं म्हणायचं का?" उझैरनं दोन्ही पेनड्राइव्ह एकवीरा आईच्या गाण्यापासून भरून दिले. रेहानला कळवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, आणि ऑक्टोबर जवळ येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तो जेट्टीजवळच्या मोकळ्या जागेत गेला. भिकू फाटलं जाळं पसरून बसला होता. हातात दोरा भरलेली चपटी सुई, एकेक गाठ. शेजारी त्याची बायको केसर बोंबील वाळत टाकत होती.

"नाखवा, चूक माझी होती," उझैर म्हणाला. "जाळं धरायला आलोय."

"धर."

उझैरनं धरलं. भिकूनं अर्धा तास गाठी मारल्या. मग त्याच्या खिशातला छोटा स्पीकर केसरला दिसला.

"आनि त्यो कशाला आनलायस?"

"सवयीनं, काकी."

"खोटं बोलतो मेला. लावायचंय ना तुला तुजं गानं?" केसर हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "लावू दे की. त्यानं फाडलंय, त्यालाच शिवाया बसव. इथं काय बुडनार हाय? आपुन वाळूवर हाव."

भिकूनं दोरा दातांनी तोडला. नको म्हणाला नाही. उझैरनं घाईनं आधी आईचं गाणं लावलं, ते पूर्ण होऊ दिलं, आणि मग, नाखव्यानं चार ऐकलीच आहेत म्हणून, पाचवं लावलं.

"पाचवं का?" भिकू म्हणाला.

"चार झालीत ना तुमची."

"ती सुकाणूवर झाली. ती काय ऐकनं झालं? पयल्यापासनं लाव. मधनंच काय घुसतोस?"

उझैरनं पहिलं लावलं. दोरी तोडून पळणाऱ्या कुत्र्यासारखं मन त्यानं आवरून धरलं, आणि जाळंही. भिकूच्या हातात सुई, उझैरच्या हातात जाळं, केसरच्या हातात बोंबील. बटणाला कुणाचाच हात पोचत नव्हता. जवळच्या खताच्या कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा सहावं चालू होतं. सातवं सुरू झालं. हे उझैरचं सगळ्यांत आवडतं: ढोल नाही, शब्द नाहीत, नमाजाआधी हातपाय धुतात त्या वजूच्या नळाचं पाणी आणि माणसाचा श्वास, तीन मिनिटं. उझैर डोळे मिटून बसला.

"ह्याचा नळ चालूच ऱ्हायला," भिकू म्हणाला. "बंद कोन करनार?"

उझैरनं डोळे उघडले. नववं आलं. ते मुंबई-गोवा हायवेवरच्या खड्ड्यांवर आहे. प्रत्येक खड्ड्याला एसटीतली एक म्हातारी अल्लाचं नाव घेते, आणि माणगाव ते महाड अशी तिची शेकडो नावं होतात. उझैरच्या मते हे नुसतं जागा भरायला घातलेलं गाणं आहे, अल्बममधलं एकमेव. भिकूची सुई थांबली. तो आधी गालात हसला, मग खांदे हलवून हसायला लागला, आणि केसर म्हणाली, "आवो, आपल्या पोरीची, नूतनची सासू! महाडला जाताना अशीच करती का न्हाय?"

अकरावं संपलं. उरलेलं भगदाड हातभर होतं.

"सांगा," उझैर म्हणाला.

"ह्यातलं बेस्ट ते खड्ड्याचं."

"नाखवा, ते गाणं काढून टाकलं असतं तर अल्बम..."

"काढून? आरं, तेच गानं हाय. बाकीच्यात त्यो देवाशी बोलतोय, ह्याच्यात म्हातारी बोलती. म्हातारीचं खरं वाटतं. आनि त्यो नळाचा परकार तर नकोच."

"तो नळ म्हणजे अख्ख्या अल्बमचा जीव आहे!"

"जीव हाय तर बोलत का न्हाय?"

पुढचा पाऊण तास दोघं भांडले. जाळं तिथेच पडलं. बोटीवर घेणार का, असं उझैरनं मध्येच विचारलं तेव्हा भिकू म्हणाला, "बोटीवर न्हाय. तिथं मासं धराया जातो. हे बसून ऐकायचं हाय." आणि पुन्हा नळावर आला.

शेवटी उझैरनं रेहानला फोन लावला. "एक माणूस मिळाला. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत. पण त्याला सातवं आवडलं नाही."

पलीकडे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"का नाही आवडलं?" रेहान म्हणाला. "दे ना त्यांना फोन."

भिकूनं हात लुंगीला पुसले आणि फोन कानाला लावला.

"हां, रेहान का? मी भिकू नाखवा, थळहून. बाला, बाकी ठीक हाय. पर त्यो नळ..."