लाल स्टिकर

अन्याय झाला तो कांबळेकाकांवर. गेल्या वर्षी, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या रविवारी, सकाळी सात वाजता, हॅरोमधल्या एका हॉलच्या कार पार्कात. करणारी मी. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, ज्यांच्यासोबत दर शनिवारी पत्रकं वाटते त्यांनाही नाही.

आमची पुस्तकांची व्हॅन तुम्ही पाहिली असेल. जुनी, निळी, आत झोपायला बाकं, एक शेगडी, एक शॉवर. लेस्टरहून निघायची, गावोगाव थांबत जयंतीला, विलायतेत शिकताना साहेब जिथं राहिले त्या कॅमडेनच्या घरापाशी पोचायची. चालवायचे कांबळेकाका. तीस वर्षं लेस्टरमध्ये सिटी बस चालवलेला माणूस. "गाडीला एक ओरखडा नाही" — हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, आणि आम्ही मागून त्यांच्याच सुरात म्हणायचो.

व्हॅनमध्ये पाणी तापवायची टाकी होती, बादलीभर. आमच्या आंघोळी झाल्या की संपली. काका कायम शेवटी — "तुम्ही पोरं आधी" — म्हणजे कायम गार पाणी. मला ते बघवेना. निदान स्वतःला मी असं सांगत आले. खरं तर मला करून दाखवायचं होतं. टाकी काढायची, बिनटाकीचा गॅस हीटर बसवायचा. नळ सोडला की गरम पाणी. बैठकीत ठरलं होतं, रीतसर नोंदणी असलेला गॅसवाला बोलवायचा. त्याला जयंतीनंतरचीच वेळ होती. मी म्हटलं, स्टेज आपण बांधतो, मांडव आपण घालतो, मग हे का नाही?

"गॅस आहे पोरी, मांडव नाही," काका म्हणाले.

"काका, तुम्ही बस चालवा."

सगळे हसले. काकाही हसले.

आता नीट ऐका. जुन्या टाकीचा धूर भिंतीतल्या नळीतून बाहेर जायचा. मी आणलेल्या हीटरला धुराची नळीच नव्हती. का नव्हती? कारण तो उघड्यावर वापरायचा होता, तंबूबाहेर टांगून. हे मला नंतर कळलं का? नाही. त्याच्या तोंडावरच लाल स्टिकर होता — फक्त बाहेर वापरा, बंद जागेत वापरल्यास जीव जाऊ शकतो. मी तो वाचला. मी — जी भाडेकरूंना बारीक अक्षरं वाचायला शिकवते, प्रत्येक पुराव्याचा फोटो काढून ठेवायला सांगते. मी तो नखानं उखडला आणि कचऱ्यात टाकला. कुणीतरी विचारलं असतं ना. काकांना एवढंच म्हटलं, छताची झडप उघडी ठेवा. का, ते नाही सांगितलं.

त्या रविवारी थंडी होती. काकांनी झडप लावून घेतली. आम्ही हॉलमध्ये खुर्च्या मांडत होतो. ते चहाला आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. पाणी वाहतच होतं — छान गरम. काका खाली पडलेले.

जगले ते. पण हात थरथरतो. रोजचे रस्ते विसरतात. लायसन्स गेलं. शर्टाची बटणं काकू लावून देतात.

व्हॅन हीटरसकट भंगारात गेली. आपल्या बैठकीत प्रश्न आला, झडप कुणी लावली? काकांनी हात वर केला — तोच हात. मी गप्प बसले. नुसती गप्प? त्याहून पुढे गेले. सुरक्षिततेचं पत्रक मीच लिहिलं. 'वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला' — हे वाक्य माझं. वाक्य चांगलं जमलंय असंही मला तेव्हा वाटलं होतं. तुम्ही वाचलं असेल. काकांनी ते पत्रक घडी करून पाकिटात ठेवलंय.

तेव्हापासून दर बैठकीत ते उभे राहतात. "माझ्यामुळं आपली व्हॅन गेली." आणि आपण म्हणतो, जाऊ द्या काका, होतं असं. सगळ्यात आधी मीच म्हणते.

येत्या रविवारी बैठक आहे. काका पुन्हा उठतील. त्यांना खाली बसवा. मला उभं करा.