साडभाऊंचं सामान

आमच्या साडभाऊंइतका दुसऱ्याच्या घरात कमी जागा व्यापणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही. झाला असलाच तर तो इतक्या कमी जागेत मावला असणार की कुणाच्या नजरेसच पडला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या, कुंदाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार उमरखेड, धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. आमच्याकडे मारेगावला आले की चपला पायरीखाली, त्याही भिंतीला टेकवून उभ्या. पिशवी दाराआडच्या खिळ्याला. पाणी पिऊन झालं तरी पेला हातातच धरून बसायचे, कारण टीपॉयवर आमचा पेपर पडलेला असे आणि तो सरकवायचा अधिकार आपल्याला नाही असं त्यांचं प्रामाणिक मत. एकदा जेवताना मी म्हणालो, जरा ऐसपैस बसा, तर होते तिथून आणखी वीतभर भिंतीकडे सरकले आणि म्हणाले, "बसलो ना मास्तर ऐसपैस." एसटीत सगळा रॅक मोकळा असला तरी उमरखेडपासून पिशवी मांडीवर. रॅक सगळ्यांचा, म्हणजे आपला एकट्याचा नाही, असं त्यांचं गणित.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की साडभाऊ एक बिनपगारी उद्योग करत. जगभरातले हौशी लोक मिळून फुकट वाटायची एक संगणकप्रणाली चालवतात. तिच्यासाठी ते वेबवर चालणारे प्रोग्राम 'पॅकेज' करून देत. म्हणजे कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम असा नीट बांधायचा की कुठल्याही मशीनवर तो एका हुकमासरशी बसावा. आता बसल्यावर त्याच्या फायली कुठे जाव्यात? तुम्हाआम्हाला वाटेल, जातील कुठेतरी. हे 'कुठेतरी' साडभाऊंना सहन होत नसे. त्यांचं म्हणणं, प्रोग्रामाने सोबत आणलेल्या फायली एका जागी ठेवाव्यात आणि त्यांना कोणी हात लावू नये, कारण नवी आवृत्ती आली की त्या सगळ्या बदलून जायच्या. मालकाने त्याला लावलेलं वळण, म्हणजे सेटिंग, दुसऱ्या जागी. राहता राहता जे साठतं, लोकांनी चढवलेले फोटोबिटो, ते तिसऱ्या. आणि ज्या फोल्डरातून मशीनचा मालक आपली स्वतःची वेबसाइट जगाला दाखवतो, तिथे पॅकेजने पाऊलही टाकायचं नाही. निम्मे प्रोग्राम नेमके तिथेच पथारी पसरतात, आणि साडभाऊ एकेकाला उठवून त्याच्या जागेवर नेऊन बसवत.

"पॅकेज म्हंजे पाव्हना आहे मास्तर," ते मला सांगत. "पाव्हन्यानं आपलं गाठुडं मालकाच्या बैठकीत कायले पसराव?"

यावरून त्यांचा याच उद्योगातल्या जर्मनीच्या एका गृहस्थाशी ईमेलवर वाद चालला होता. गृहस्थांचं म्हणणं, लोकांना वेबसाइटच्या फोल्डरात प्रोग्राम शोधायची सवय आहे, तर तिथेच ठेवू. साडभाऊंचं म्हणणं, सवय लोकांची असली तरी फोल्डर मालकाचा आहे. हा वाद एका कापसाच्या हंगामात सुरू झाला तो पुढच्या हंगामापर्यंत पुरला. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाकरी तव्यावर टाकून हाक मारत आणि साडभाऊ "आलो आलो" म्हणत जर्मनीला उत्तर लिहीत. शेवटी ताईंनी निरोप दिला, की त्या बुवाला म्हणावं सामान कुठंही ठेव, पण आमच्या माणसाला आता जेवायला येऊ दे. साडभाऊंनी तो निरोप खरोखरच इंग्रजीत करून पाठवला. त्यावर जर्मन गृहस्थांनी ताईंची माफी मागितली, मुद्दा मात्र सोडला नाही.

आमच्या गावच्या विहारातलं वाचनालयसुद्धा या व्रतातून सुटलं नाही. तिथे पुस्तकांच्या नोंदीचा एक प्रोग्राम होता आणि त्याचं सगळं बिऱ्हाड एकाच फोल्डरात. साडभाऊ एका लग्नाला आले होते. लग्न बाजूला राहिलं आणि हे दुपारभर विहारात बसून फायलींची वाटणी करत राहिले. वाटणी चोख झाली, पण ब्राउझरमध्ये ज्या पत्त्यावर तो प्रोग्राम उघडे, तो जुना पत्ता बंद पडला. पुढे पंधरवडाभर कोणालाच पुस्तक सापडेना. जाणती मंडळी मला रस्त्यात थांबवून विचारत, तुमचे साडभाऊ पुन्हा कधी येणार, आणि त्या प्रश्नात स्वागत नसे. साडभाऊंनी उमरखेडहून फोनवर सगळं दुरुस्त करून दिलं आणि वर मला बजावलं की पत्ता बदलणं ही चूक आपली, पण जागा मात्र बरोबर होती.

घरातही त्यांनी हा कारभार करून पाहिला होता. बाजारचं तिखट पाकिटातच राहावं, त्यात ताई जो धने-खोबऱ्याचा मसाला मिसळतात तो वेगळ्या डब्यात असावा, म्हणजे नवं पाकीट आलं तरी ताईंचा हात तोच राहील. ताईंनी चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी सगळं एका बरणीत ओतलं. मला वाटलं आता वाद होणार. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "तिचं घर आहे. आपन तं इथं पॅकेज आहो." ताई हसल्या. त्या हसण्यासाठी या माणसाने वाटेल तेवढे मसाले एकत्र होऊ दिले असते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ताई गेल्या. दुखणं छोटं होतं आणि वेळ त्याहून छोटा. साडभाऊ उमरखेडला एकटे राहू लागले, जेवणाची आबाळ, मधुमेहाची गोळी कधी घेतली कधी नाही. एकदा दुकानातच चक्कर येऊन पडले. शेजारच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंनी उचलून दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. कुंदा उमरखेडला गेली आणि त्यांना मारेगावला घेऊनच आली. आता इथेच राहायचं, असं तिने जाहीर केलं. साडभाऊंनी मान हलवली आणि पिशवी खिळ्याला लावली.

पण त्या पिशवीतून ते बाहेर येईनात. ब्रश वापरून झाला की पुसून पिशवीत. कपडे धुतले की परसात स्वतःची दोरी बांधायचे, वाळले की दोरीसुद्धा सोडून पिशवीत. कुंदाने त्यांच्यासाठी कपाटाचा कप्पा रिकामा केला, तो रिकामाच राहिला. चहात साखर चुकून पडली तरी सांगायचे नाहीत, पिऊन टाकायचे. आठवड्याआड उमरखेडला परत जायची गोष्ट काढत आणि आम्ही ती कशीबशी टाळत असू. कुंदा एकदा माझ्याजवळ रडली. ती म्हणाली, भाऊजी आपल्या घरात आहेत, पण राहत नाहीत. आणि तिथे एकटे गेले तर पुढच्या वेळी सलीमभाई दुकानात असतीलच असं कोण सांगतं.

शेवटी एका रविवारी ते पिशवी घेऊन निघालेच. पायात चपला घातल्या होत्या. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि त्यातून सलीमभाईंनी ताईंचं शिलाई मशीन उतरवलं. कुंदाने कोणाला न विचारता ते बोलावून घेतलं होतं. ताई उमरखेडात निम्म्या पेठेचे ब्लाउज शिवत, त्याच मशीनवर. सलीमभाई आणि मी ते उचलून आमच्या बैठकीच्या मधोमध ठेवलं. बैठक आधीच भरलेली. मशीन कुठेच बसेना.

साडभाऊ उंबऱ्यातूनच म्हणाले, मधात नका ठेवू, तुम्हाला अडचण होईल, परसातल्या पडवीत ठेवा.

"पडवीत कायले?" कुंदा म्हणाली. "ताई काही पाव्हनी नव्हती या घरची. माही बहीन होती. तिचं मशीन कुठं ठेवाचं ते तुमी सांगा, नाहीतं असंच राहू द्या मधात."

सलीमभाई रुमालाने मान पुसत राहिले. साडभाऊंनी चपला काढल्या, आत आले, मशीनवर हात ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली. ही नजर मी पूर्वी फक्त स्क्रीनसमोर पाहिली होती. मग ते थेट खिडकीकडे गेले. खिडकीत माझं टेबल आहे, म्हणजे होतं. नोकरी लागल्यापासून मी शाळेतल्या मुलांचे पेपर तिथेच तपासत आलो, आणि त्या टेबलाला हात लावायची आमच्या घरात कोणाची टाप नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "टेबल उचला तुमचं. मशीन इथं राहीन. तिले उजेड लागे."

विचारलं नाही, सांगितलं. मी एक टोक धरलं, सलीमभाईंनी दुसरं, आणि टेबल ओसरीत गेलं. साडभाऊंनी मशीन खिडकीशी लावलं, खाली बसून पायडल हलवून पाहिलं. ते कुरकुरलं.

"कुंदा," त्यांनी मान वर न करताच विचारलं, "तेलाची कुपी कुठं असते वं आपल्या घरी?"

कुंदा तेल आणायला स्वयंपाकघरात गेली. आमचं स्वयंपाकघर चार पावलांवर आहे, तरी तिला यायला फार वेळ लागला, आणि आम्ही कोणी तिला हाक मारली नाही.