मिरजोळ्याच्या पडवीतलं विमान

भुताखेतांच्या गोष्टी मी सांगतो, विश्वास अजिबात ठेवत नाही. त्यातल्या निम्म्या मीच तयार केलेल्या आहेत — रत्नागिरीत विचारा कोणालाही. ही मात्र खरी घडलेली, त्यामुळे नेहमीसारखी रंगणार नाही...

मिरजोळ्याला माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. यंदा स्पर्धेसाठी एकांकिका लिहायला घेतली — हवाई दलाचं विमान, आकाशात असताना इंजिनाला आग. माझा पायलट रेडिओवर एवढं भाषण ठोकत होता की तेवढ्या वेळात विमान दिल्लीला जाऊन परत आलं असतं. खरं कसं बोलतात ते विचारायला शेजारच्या आबाकाकांकडे गेलो. काका हवाई दलात होते, जमिनीवरून विमानांशी बोलायचं काम.

वाचून काका म्हणाले, "मेल्या, जळत्या विमानात कीर्तन करतात काय? आधी विमान सांभाळायचं, मग बोलायचं. तेसुद्धा सावकाश."

मग सगळं शिकवलं. तीनदा मेडे, म्हणजे संकटाची हाक, मग काय बिघडलंय, कुठे आहोत, आत माणसं किती. जमिनीवरून दिलेली दिशा पायलटने परत म्हणून दाखवायची आणि वर रॉजर, म्हणजे 'समजलं', म्हणायचं; मग त्याला ऐकू गेलं हे कळतं.

इथे काका थांबले. त्यांच्या दोस्ताचं विमान असंच अडचणीत आलं होतं. काकांनी दिशा दिली, तिकडून उत्तर आलंच नाही. विमान डोंगरावर सापडलं. आपला आवाज त्याच्यापर्यंत पोचला होता की शेवटी तो एकटाच होता, हे काकांना कधीच कळलं नाही. म्हणाले, तुझ्या नाटकात त्या जागी शांतताच ठेव. मी तसं लिहिलं.

दुपारी काकांच्या पडवीत तालीम सुरू केली. मी पायलट, काका जमीन. काकूंनी गरम घावनं आणली. पुढे माझं वाक्यच नव्हतं, म्हणून मी अख्खं घावन तोंडात कोंबलं. काका डोळे मिटून म्हणाले, "टर्न लेफ्ट, हेडिंग झिरो फोर झिरो."

"झिरो फोर झिरो. रॉजर, रॉजर."

अगदी संथ आवाज. आला माझ्या खुर्चीकडून — आणि माझे दोन्ही गाल नारळाएवढे फुगलेले. काकू ताट धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. काकांचे ओठ मिटलेले होते, मी समोरच होतो. कसंबसं गिळून म्हणालो, काका, मी नाही बोललो.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "रॉजर एकदाच म्हणायचं असतं. दोनदा म्हणतो म्हणून मी त्याला किती ओरडलोय..."

घरात टीव्ही बंद, रेडिओ नाही, माझा मोबाईल दुकानात. पंपातला बिघाड मी नुसत्या आवाजावरून ओळखतो, पण या आवाजाचं मूळ मला आजवर सापडलेलं नाही. काका तर शोधायलाही गेले नाहीत. माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ती शांतता खोड." आणि काकूंकडे त्यांनी घावन मागितलं.