चार्ज, कंट्रोल आणि कमांड

मिरजेच्या दवाखान्यात मी डॉक्टरांना विचारलं होतं, "साहेब, ह्या तापाचा चार्ज कुणाकडं असतो?" ते पुढच्या खाटेकडे गेले. नर्सला विचारलं, तिनं चादर सारखी केली. आजवर कुणी सांगितलेलं नाही.

हे असले शब्द माझे नाहीत, माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे. माझी शाळा दुसरीतच सुटली. आता गुऱ्हाळावर चार माणसं टेकली की दादाचाच विषय निघतो. एकाचं सांगून संपत नाही तोवर दुसऱ्याला आठवतं. मीही ऐकतो. ऐकवत नाही, पण उठवतही नाही.

दादा लढाईत खेचरांच्या कंपनीत हवालदार होता. परत आला तो ट्रंकभर कपडे आणि तोंडभर इंग्रजी घेऊन! आबांच्या गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून लागला; मी त्याच्या हाताखाली, गार पाण्याची लोखंडी पाटी धरायला. रस किती आटवायचा आणि काईल, म्हणजे रसाची मोठी कढई, चुलाणावरून कधी उतरवायची, हे गुळव्या सांगतो. दुसऱ्या कुणी सांगायचं नसतं.

पहिल्याच दिवशी त्यानं गड्यांना ओळीत उभं केलं.

"तात्या, चुलाणाचा चार्ज तुमच्याकडं. चार्ज म्हंजी वस्तू हातात दिली, पर ती आपली न्हवं. जशी दिली तशी परत करायची."

जाळ घालणारे तात्या म्हातारे. म्हणाले, "आन् गुंडाला काय?"

"गुंडाला बैलांचा कंट्रोल. कंट्रोल म्हंजी हातात हाय आन् ऐकतंयबी."

"मग तुला काय रं?"

"मला कमांड! हात लावायचा न्हाई, नुसतं बोलायचं."

त्या दिवसापासून तात्या चुलाणापुढून उठताना गुंडाला हाक मारायचे, "चार्ज घे रं, पाणी पिऊन येतो!"

*

गुंडाचा कंट्रोल चार दिवस टिकला. भर दुपारी घाण्याचा डावा बैल मटकन खाली बसला. गुंडानं शेपूट पिळली, शिव्या दिल्या, शेवटी पाया पडला. बैल रवंथ करत बसलेला.

दादा काइलीपाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "गुंडा, बैलानं तुजा कंट्रोल घेतला गड्या. आता त्यो म्हणंल तवा जेवायला जा!"

*

आबा म्हणजे मालक. ऊस त्यांचा, काईल त्यांची, आम्हीही त्यांचेच. एकदा पाव्हण्यांना घेऊन आले आणि ऐटीत म्हणाले, "उतरा रं काईल, झालं असंल!"

गड्यांनी कड्यांत दांडे घातले. दादानं नुसता हात वर केला. सगळे जागच्या जागी.

"आबा, मालकी तुमची. कमांड माजी."

पाव्हण्यांसमोर! मला वाटलं, आता आम्हा दोघा भावांना हाकलणार. आबांचं तोंड लाल झालं. ते चिपाडांच्या ढिगावर जाऊन बसले. दादानं सांगितल्यावरच काईल उतरली. गूळ निवायच्या वाफ्यात पडला, सोन्यासारखा निघाला. आबांनी खडा तोंडात टाकला आणि पाव्हण्यांना म्हणाले, "लष्करातला माणूस ठिवलाय मुद्दाम. कुणाचं ऐकत न्हाई!"

*

घरी मात्र दादा दारातच टाचा जुळवायचा. "वहिनीसाहेब, ऑर्डर?"

स्वतःच्या बायकोला वहिनी! पोरं लोळायची हसून.

वहिनी चुलीपुढून वर न बघता म्हणायची, "दोन घागरी पानी."

एकदा गुंडानं त्याला खांद्यावर घागर घेऊन जाताना पकडलं. "काय हवालदार, कमांड कुठं गेली?"

"गुऱ्हाळावर ठिवून आलोय. घरात आमी अंडर."

वहिनी आता दोन घागरी स्वतःच आणते. मी आणतो म्हटलं, तर ऐकत नाही.

*

दवाखान्यात तो तापातही उठून बसायचा. नर्स खांद्याला धरून निजवायची. एकदा म्हणाला, "सिस्टर, हितली कमांड तुमची. मला मान्य हाय. पर मला घरी सोडा."

मग माझ्याकडे वळला. "गुऱ्हाळ चालू हाय?"

"व्हय."

"काईल कोन उतरवतंय?"

"तात्या."

"भित्यात ते. भ्यालेल्या माणसाला येळ कळत न्हाई. माल जाळतील रं."

मी चिडलो. "जळू दे तिकडं! तू नीज."

तो निजला.

*

मिरजेहून फाट्यापर्यंत लॉरी मिळाली. तिथून बैलगाडीतून, चादरीत गुंडाळलेल्या दादाला गावाकडे आणलं. गुऱ्हाळ वाटेतच. गाडी दिसली तशी गुंडानं घाण्याचे बैल थांबवले. गडी रस्त्याकडे धावले आणि अर्ध्यात थांबले. काईल चुलाणावर होती, पाक तयार होत आला होता.

आबांनी पटका काढला. "जळू दे काइलीतलं आधण. चला सगळी."

तात्या हलले नाहीत. म्हणाले, "जळू कसं द्यायचं? हवालदार बघाय आल्यात की."

"मग उतरा."

"मला कळंना, आबा. मला काय दिसंना."

कुणी पुढे होईना, कुणी काइलीपासून निघेना. पाकाचे बुडबुडे मोठे होत चालले. करपल्याचा वास अजून आला नव्हता. येणार होता.

मी गाडीतून उडी टाकली.

"आवं, सुतकाचा हात..." गुंडा म्हणाला.

मी हात पाटीतल्या गार पाण्यात बुडवला, पाकात घातला आणि परत पाण्यात. बोटांत गोळी वळली. ती पाटीच्या काठावर आपटली. टण्णकन वाजली, दादाच्या हातची वाजायची तशी.

"उतरा," मी म्हणालो.

गड्यांनी दांडे घातले. काईल वाफ्यावर कलंडली. शेवटचा थेंब पडेपर्यंत मी तिथं उभा राहिलो. मग त्यांना म्हणालो, "चला."