आईनं नुसतं ‘छाती’ म्हटलं

आज सकाळी साडेदहाला आईला घेऊन कोल्हापुरात दवाखान्यात गेलो होतो. केसपेपरच्या खिडकीवर आई म्हणाली, “छातीचं दाखवायचं हाय.” त्यांनी थेट ईसीजी काढायला पाठवलं.

ईसीजी नॉर्मल आला. मला हायसं वाटलं, पण आई बाकावरून उठेना.

सिस्टरनी विचारलं, “मावशी, आणि काय होतंय काय?”

आई माझ्याकडं बघून म्हणाली, “तू जरा भाईर थांब की.”

थोड्या वेळानं मला आत बोलावलं. आईच्या स्तनात गाठ आहे. दिवाळीपासून.

“मग सांगितलं का न्हाईस?”

“दुखत न्हाय की. आणि पोराला काय सांगायचं असलं?”

सिस्टर म्हणाल्या, “दुखायची वाट बघायची नसती, मावशी. काय होत नसतानाच नेमानं तपासून घ्यायचं असतंय.”

उद्या मॅमोग्राफी आहे. गाठ साधीही असू शकते, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी सारखं मनात म्हणतोय, तरी भीती जात नाही. आता घरी आई स्वयंपाकघरात भाकरी थापतेय. थापायचा आवाज थांबला की मी उठून बघून येतो.

आमच्या घरात ‘स्तन’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. मीही तो आज पहिल्यांदाच लिहिला. तुमच्या आईला असं काही जाणवलं, तर ती तुम्हाला कोणत्या शब्दात सांगेल? की सांगणारच नाही?